उभ्या गाडीच्या टाकीतले जुने डिझेल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की मुलांचे आरोग्य, घरची काटकसर, भाजीपाल्याची परसबाग असे विषय आपल्या परिचयाचे असतात. आज फळ्यावर विषयाचे नाव लिहिले गेले तेव्हा पुष्कळजणींच्या चेहऱ्यावर हसू उमटले, ते मला दिसले. डिझेल आणि महिला मंडळ यांचा काय संबंध, असा प्रश्न त्या हसण्यात होता. तो प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देते.

आपल्या सुलतानपुरातून एक फेरी मारून या. कोणाच्या अंगणात ट्रॅक्टर उभा आहे, कोणाच्या गोठ्याशेजारी जुनी जीप, कोणाच्या मळ्यात विहिरीवरचे डिझेल इंजिन. वीज आली, मोटार बसली, तसे इंजिन बाजूला पडले. पेरणी झाली, मळणी झाली की ट्रॅक्टरला काम नाही. घरचा कर्ता पुण्या-मुंबईला कामाला गेला, जीप तशीच राहिली. आणि काही घरी, भगिनींनो, चालवणारा माणूसच राहिला नाही. आपला बुलढाणा जिल्हा हा पश्चिम विदर्भातल्या त्या सहा जिल्ह्यांपैकी एक आहे, ज्यांच्यासाठी 2006 साली पंतप्रधानांना खास मदत योजना जाहीर करावी लागली. ती कशामुळे, हे इथे बसलेल्यांना सांगण्याची गरज नाही. माणूस गेल्यावर त्याच्या मागे जमीन राहते, कर्ज राहते आणि दारात उभे असलेले यंत्र राहते.

हे यंत्र म्हणजे जमिनीच्या खालोखाल त्या घराची सर्वांत मोठी पुंजी असते. समजा, दीड वर्षाने त्या घरच्या बाईने ते विकायचे किंवा भाड्याने द्यायचे ठरवले. घेणारा येतो, चावी फिरवतो. यंत्र चार आचके देते, पांढरा धूर ओकते आणि गप्प होते. घेणारा मान हलवून म्हणतो, "वहिनी, इंजिन गेलं. आता भंगाराचाच भाव." बाईला खरेखोटे कळत नाही, ती हो म्हणते. वास्तविक इंजिन गेलेले नसते. टाकीतले डिझेल गेलेले असते. आणि कधी कधी त्या घटकेपर्यंत धड असलेले इंजिन त्याच चावी फिरवण्याने बिघडते. आज मला सांगायचे आहे ते एवढेच: फार दिवस उभी असलेली डिझेलची गाडी चालू करण्याआधी टाकीतले तेल पाहा. पाहायला काचेची एक बरणी पुरते.

गाड्या दीर्घकाळ उभ्या राहण्याचा मोठा अनुभव आपल्या राज्याने अलीकडेच घेतला. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी झाली आणि आपली एस.टी. आगारात उभी राहिली. जिल्ह्याबाहेरच्या फेऱ्या 20 ऑगस्टला पुन्हा सुरू झाल्या. पुढे 2021 च्या ऑक्टोबरअखेरीस कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो एप्रिल 2022 पर्यंत चालला. पुन्हा कित्येक गाड्या महिनोन् महिने जागच्या हलल्या नाहीत. परंतु एस.टी.च्या आगाराला कार्यशाळा असते, मिस्त्री असतात, कोणत्या गाडीचे काय केले याची वही असते. आपल्या अंगणातल्या ट्रॅक्टरला यातले काय आहे? तिथे आगारप्रमुखही आपण, मिस्त्रीला बोलावणाऱ्याही आपण आणि वही ठेवणाऱ्याही आपणच.

आता डिझेल खराब होते म्हणजे काय होते, ते पाहू. आपल्याला ते समजायला मुळीच अवघड नाही, कारण तेलाची जात आपण रोज हाताळतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने हे इंजिन 1897 साली सिद्ध केले. आणि 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात या जातीचे एक इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले होते. आपण पंपावर घेतो ते डिझेल खनिज तेलापासून निघते. पण काही बाबतींत त्याचा स्वभाव आपल्या डब्यातल्या तेलासारखाच आहे.

गोडेतेलाचा डबा उघडा राहिला की तेल खवट होते. ते हवेमुळे होते. डिझेलचेही तसेच. हवेतला प्राणवायू आणि उन्हाची उष्णता मिळाली की त्यात हळूहळू चिकट डिंकासारखा पदार्थ तयार होतो, रंग गडद होतो, वास आंबूस किंवा रोगणासारखा येतो. गार जागी, बंद टाकीत, कोरडे राहिले तर डिझेल सहा महिने ते वर्षभर सहसा टिकते. आपल्याकडे वैशाखाच्या उन्हात पत्र्याची टाकी कशी तापते ते तुम्ही जाणता. तेव्हा उघड्यावरच्या यंत्राला वर्षाचा भरवसा देऊ नये.

दुसरा शत्रू पाणी. अर्धी टाकी रिकामी असली म्हणजे त्या अर्ध्यात हवा असते. दिवसा टाकी तापते, हवा बाहेर जाते. रात्री टाकी निवते, बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. झाकणाला आतून वाफेचे थेंब जमतात ना, तसे टाकीच्या आतल्या पत्र्यावर थेंब जमतात आणि ओघळून खाली जातात. पावसाळाभर हे चालते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते. आणि इंजिनाकडे जाणारी नळीही बहुधा तळाजवळूनच तेल उचलते. झाकणाचे रबर फाटलेले असले तर पावसाचे पाणी सरळच आत उतरते, ते वेगळे.

तिसरा शत्रू ऐकून तुम्हाला नवल वाटेल. लोणच्यावर येते तशी बुरशी डिझेलवरही येते! पाणी आणि तेल जिथे एकमेकांना टेकतात, त्या सीमेवर ती वाढते. राहायला पाणी आणि खायला तेल, असा तिचा संसार असतो. गेल्या शतकात 1950 ते 1960 च्या सुमारास विमानांच्या टाक्यांत या बुरशीने मोठा उपद्रव केला होता. शास्त्रज्ञ तिला हॉर्मोकोनिस रेझिनी म्हणतात. तिच्या जोडीला काही जंतूही असतात. त्यांचा शेवाळासारखा काळपट, बुळबुळीत थर होतो, तो फिल्टर चोंदवतो. आणि त्यांच्यातून निघणारे आम्ल टाकीचा पत्रा आतून खाते. पाणीच नसेल तर ही बुरशी वाढू शकत नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवा. पाणी काढणे हा निम्मा उपाय आहे.

बरे, थोडे पाणी, थोडा गाळ इंजिनात गेला तर एवढे काय बिघडते? पेट्रोलच्या इंजिनात ठिणगीने आग लागते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. आतली हवा इतकी दाबतात की ती त्या दाबानेच तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटते. हा फवारा मारणाऱ्या नोझलची भोके केसासारखी बारीक असतात. मागे जो पंप असतो, त्याचे भाग एकमेकांत इतके घट्ट बसवलेले असतात की त्यांच्यामधली फट केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही कमी भरते. त्या पंपाला वेगळे वंगण नसते असे पुष्कळ इंजिनांत आढळते. त्यातून वाहणारे डिझेल हेच त्याचे वंगण. तिथे डिझेलऐवजी पाणी गेले की धातू धातूवर घासतो आणि पंप जाम होतो. 1 एप्रिल 2020 पासून देशात बी.एस. सहा दर्जाचे इंधन लागू झाले. त्या सुमारापासूनच्या मोटारी आणि पिकअप यांतला दाब तर हवेच्या साध्या दाबाच्या हजार-दीड हजार पटींवर जातो. त्यांना घाण तेल मुळीच खपत नाही. टाकीभर डिझेल टाकून देणे जिवावर येते हे खरे, परंतु पंप आणि नोझल यांचा खर्च त्याच्या कितीतरी पट असतो.

आता परीक्षा कशी करायची ते सांगते. ही परीक्षा होईपर्यंत चावीला हात लावायचा नाही, लावू द्यायचा नाही. "एकदा सेल्फ मारून तर बघू" म्हणणारे आपल्याकडे फार. त्यांना चहा द्या, पण चावी देऊ नका.

लोणच्याची रिकामी झालेली पांढऱ्या काचेची बरणी धुऊन, पुसून, उन्हात अगदी कोरडी करून घ्या. पुढे ती स्वयंपाकघरात परत आणायची नाही. टाकीच्या बुडाशी बहुतेक ट्रॅक्टरांना, जुन्या इंजिनांना निचऱ्याचा नट असतो. डिझेल फिल्टरच्या खालीही पाणी सोडण्याचा स्क्रू असतो. मिस्त्रीकडून किंवा घरच्या जाणत्या मुलाकडून तो सैल करून घ्या आणि पहिले तेल बरणीत धरा. वरून काढलेले तेल फसवते. दोष तळाशी असतो. बरणी सावलीत तास-दोन तास न हलवता ठेवा. शेजारी तशाच बरणीत पंपावरून आणलेले ताजे डिझेल ठेवा. तुलना केली की वेगळे शिकावे लागत नाही. तांदूळ निवडणाऱ्या डोळ्यांना फरक लगेच दिसतो.

तेल पिवळसर, आरपार स्वच्छ दिसले, खाली थर नाही, तर ते चांगले आहे. तेल धुरकट दिसले तर त्यात पाणी मिसळलेले आहे. खाली वेगळा थर दिसला तर ते उघड पाणी. शंका असेल तर खायच्या रंगाची चिमूट टाका. हा रंग पाण्यात विरघळतो, डिझेलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे खालचा थर रंगला की समजावे ते पाणीच. तेल चहाच्या अर्कासारखे गडद झाले आणि वास बदलला तर ते शिळे झाले. आणि काळे तंतू, शेवाळाचे तुकडे तरंगताना दिसले तर बुरशी धरली. पारख म्हणून डिझेल तव्यावर किंवा निखाऱ्यावर टाकून पाहण्याचा खुळा प्रयोग कोणी करू नये.

जसा निकाल, तसा उपाय. तेल स्वच्छ आहे आणि गाडी सहा महिन्यांच्या आत उभी आहे, तर तळाचे थोडे तेल सोडून द्यावे आणि ताजे डिझेल भरून गाडी चालू करावी. तेल स्वच्छ आहे पण वर्ष उलटले आहे, तर बरेचसे काढून घ्यावे, उरलेल्यात पुष्कळ ताजे डिझेल मिसळावे आणि फिल्टर नवा बसवावा. पाणी निघाले तर शुद्ध तेल येईपर्यंत निचरा करावा, एक रात्र थांबावे, पुन्हा निचरा करून पाहावा. फिल्टर तर बदलायचाच. आणि तेल काळे पडले असेल, बुरशी असेल, तर काटकसर करू नये. टाकी पूर्ण रिकामी करून, उतरवून आतून साफ करून घ्यावी, नळ्या धुवाव्यात, तडकलेल्या रबरी नळ्या बदलाव्यात, सगळे फिल्टर नवे घालावेत. एवढे करूनही कोपऱ्यात राहिलेला गाळ नंतर सुटतो, म्हणून नवा फिल्टरही लवकरच एकदा पुन्हा बदलावा लागतो. मिस्त्रीने तसे सांगितले तर तो लुबाडतो आहे असे समजू नका.

बाजारात टाकीत घालायच्या औषधांच्या बाटल्या मिळतात. त्यांचा उपयोग आहे, पण मर्यादा समजून घ्यावी. तेल टिकवणारे औषध ताज्या तेलात घालायचे असते. शिळ्या तेलाला ते ताजे करीत नाही. नासलेल्या दुधाला फ्रिजमध्ये ठेवण्यासारखे ते होईल. बुरशी मारणारे औषध बुरशी मारते, पण मेलेली बुरशी टाकीतच राहते आणि तीच फिल्टर अडवते. शिवाय ते विष आहे. हातमोज्यांवाचून हाताळू नये. आणि जुने डिझेल पातळ करण्यासाठी रॉकेल ओतू नये. त्याने पंपाचे वंगण कमी होते.

फिल्टर बदलला, टाकी रिकामी झाली की नळ्यांत हवा शिरते. मिस्त्री म्हणतात, "गाडीनं एअर घेतला." हातपंप दाबून, स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबून अखंड धार येईपर्यंत ही हवा काढतात आणि मग स्क्रू आवळतात. जुन्या ट्रॅक्टरचे हे काम गावातला साधा मिस्त्री करतो. नव्या, जास्त दाबाच्या गाड्यांच्या नळ्या मात्र घरी कोणी सैल करू नयेत. त्यातला फवारा कातडीतून आत घुसू शकतो. ते काम कार्यशाळेचे. सेल्फही दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये विश्रांती द्यावी. तेलाबरोबर बॅटरी, इंजिन ऑइल आणि रेडिएटरचे पाणी पाहायचे, हे ओघाने आलेच.

आता जिवाच्या गोष्टी. पहिली: नळी तोंडात धरून डिझेल ओढायचे नाही. आपल्याकडे हे सर्रास चालते आणि मुले ते पाहून शिकतात. डिझेलचे काही थेंब जरी श्वासावाटे फुप्फुसात गेले तरी भयंकर दाह होतो. चुकून कोणाच्या पोटात गेले तर ओकारी काढू नका. ओकताना ते फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो. तसेच दवाखान्यात न्या. दुसरी: काढलेले डिझेल पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ठेवू नका. उन्हातून खेळून आलेले मूल बाटलीवरचे नाव वाचत बसत नाही. तिसरी: हे काम उघड्यावर करा, चुलीपासून, बिडीपासून लांब, बॅटरीची तार आधी सोडून.

काढलेल्या खराब तेलाचे काय करायचे? अनेक घरी ते चुलीत सरपणावर ओतण्याचा मोह होतो. कृपा करून तसे करू नका. भडका उडून पदर पेटायला क्षण लागत नाही, आणि त्याचा धूर घरातल्या लहानग्यांच्या छातीत जातो. वाळवीवर, धुळीवर, बांधावरही ते ओतू नये. आपला मुलूख काळ्या खडकाचा. आपल्या शेजारचे लोणारचे सरोवर याच बेसॉल्टच्या खडकात उल्केच्या आघाताने झाले. 2020 साली त्याला रामसर यादीत स्थान मिळाले, जगाने त्याची किंमत ओळखली. पण याच खडकाच्या भेगांतून आपल्या विहिरींना पाणी येते. ज्या वाटेने पाणी येते त्याच वाटेने तेलही येऊ शकते, आणि एकदा विहिरीला तेलाचा वास लागला की तो लवकर जात नाही. हंडा घेऊन दूर कोणाला जावे लागते, ते मी सांगायला नको. तेव्हा खराब तेल झाकणाच्या लोखंडी डब्यात भरावे, वर ठळक अक्षरांत "खराब डिझेल" असे लिहावे, कुलपात ठेवावे आणि वापरलेले तेल घेणाऱ्या अधिकृत संकलकाकडे पोचते करावे. चार घरांचे तेल एकत्र पाठवले तर खेप परवडते. हे काम आपले मंडळ सहज करू शकेल.

शेवटी, आजारच होऊ नये म्हणून चार शब्द. गाडी फार दिवस उभी राहणार असे कळले की टाकी भरून ठेवावी. आत हवा कमी, तर पाणीही कमी. लोखंडी टाकी कोरडी ठेवली तर ती आतून गंजते. चोरीची भीती असेल तर कुलपाचे झाकण बसवावे. गाडी सावलीत उभी करावी, झाकणाचे रबर पाहावे, फिल्टरचे पाणी सोडून घ्यावे. महिन्यातून एकदा चालू केलीच तर दोन मिनिटे गुरगुरवून बंद करू नये. चांगली तापेपर्यंत चालवावी. आणि सर्वांत सोपी गोष्ट: टाकीच्या झाकणाला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधावी. त्यावर डिझेल भरल्याची तारीख, किती लिटर, फिल्टर कधी बदलला, एवढेच लिहावे. मसाल्याच्या डब्यावर आपण लिहितोच ना?

दसऱ्याला आपण ट्रॅक्टरला झेंडूची माळ घालतो, हळदीकुंकू लावतो. ती पूजा चुकवू नका. पण माळ घालण्याआधी एकदा टाकीच्या तळचे तेल बरणीत धरून पाहत जा. मग कोणी दारात येऊन "वहिनी, इंजिन गेलं" म्हणाला, तर तुम्हाला शांतपणे म्हणता येईल, "आधी डिझेल बदलू, फिल्टर बदलू, मग बोलू." एवढे एक वाक्य योग्य वेळी बोलता आले, तर एखाद्या भगिनीची आयुष्यभराची पुंजी भंगाराच्या भावाने जाणार नाही.

माझी मंडळाला विनंती आहे की पुढच्या एका सभेला गावातल्या मिस्त्रींना सन्मानाने बोलवावे, कोणाच्या तरी अंगणातला उभा ट्रॅक्टर घ्यावा आणि ही बरणीची परीक्षा सर्वांसमोर करून दाखवावी. ज्यांच्या घरी चालवणारे माणूस नाही, अशा भगिनींना त्या दिवशी पुढच्या रांगेत बसवावे.